शाळेच्या ताटात आता गावाचाही वाटा : भोंगवली परिसरातील ग्रामस्थांना जाहीर आवाहन

शाळेतल्या मुलांना अंडे द्यायचे की नाही आणि खिरीत साखर घालायला पैसे कुठून आणायचे, हे २८ जानेवारी २०२५ पासून गावाने ठरवायचे आहे. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने त्या दिवशी शासन निर्णय काढून पोषण आहाराच्या पाककृती बदलल्या. अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणीचे सत्त्व हे पदार्थ ऐच्छिक झाले. त्यासाठी वेगळा निधी नाही. शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून सोय करावी, असे त्यात म्हटले आहे. हा लोकसहभाग पुण्यातल्या मोठ्या शाळांना एखाद्या कंपनीकडून मिळूही शकेल. भोर तालुक्यातल्या भोंगवलीत आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांत मात्र त्याचा अर्थ एकच होतो : शेतकरी, दूधवाला, किराणा दुकानदार, पुण्याला नोकरीला गेलेला मुलगा आणि बचत गटातल्या बायका.

म्हणून हे आवाहन भोंगवलीकरांना आहे. त्यांच्याबरोबर भोर आणि वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या, प्रत्येक गावालाही आहे.

आधी थोडा हिशेब पाहू, कारण लोकांना खिचडी दिसते, तिच्यामागचे आकडे दिसत नाहीत. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल मिळायला हवे. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल असे आहे. तांदूळ केंद्राकडून येतो. बाकी सगळ्यासाठी, म्हणजे डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि गॅस धरून, १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे असा दर आहे. त्याआधी १ डिसेंबर २०२४ पासून तो ६ रुपये १९ पैसे आणि ९ रुपये २९ पैसे होता. हा खर्च केंद्र आणि राज्य ६० : ४० या प्रमाणात उचलतात.

चाळीस मुलांची चौथीपर्यंतची शाळा घेतली, तर रोज चार किलो तांदूळ, आठशे ग्रॅम डाळ, दोन किलो भाजी, दोनशे ग्रॅम तेल आणि एकूण २७१ रुपये २० पैसे. चाळीस मुलांना अंडी द्यायची झाली, तर सात रुपयांना एक धरून २८० रुपये लागतात. म्हणजे एका अंड्याला जवळपास तितकेच पैसे लागतात, जितक्यात सरकार मुलाच्या अख्ख्या जेवणाचा तांदूळ सोडून बाकीचा खर्च भागवू पाहते. अंड्याचा खर्च शाळेने आहे त्याच पैशातून भागवावा, असे कोणी म्हणत असेल तर त्याने ही बेरीज एकदा करून पाहावी.

अंड्याची कथा लांबलचक नाही, पण बोलकी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. अंड्यामागे पाच रुपये ठरले, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा स्थानिक फळ द्यायचे होते. त्याला विरोध झाला, काही ठिकाणी तो धर्माच्या नावाने झाला. जून २०२४ मध्ये तीन पदार्थांचा आहार आला : डाळ किंवा कडधान्य घातलेला भात, मोड आलेली कडधान्ये आणि गोड पदार्थ. रोज इतके वेगळाले पदार्थ करणे शाळांना जड गेले, तक्रारी आल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये पाककृती पुन्हा सुटसुटीत केल्या गेल्या. आजच्या यादीत व्हेजिटेबल पुलाव, मसालेभात, मटार पुलाव, मूगडाळ खिचडी, चवळी खिचडी, चणा पुलाव, सोयाबीन पुलाव, मसूर पुलाव, मूग-शेवगा वरणभात, मोड आलेल्या मटकीची उसळ असे पदार्थ आहेत. यादी वाईट नाही. शेवगा आणि मटकी तर आपल्या घरची आहेत. पण दीड वर्षात तीन वेळा बदल झाले की कागद मंत्रालयात बदलतो आणि त्याचा भार शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मावशींवर पडतो.

तमिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी मुलाला अंडे मिळते. कर्नाटकात २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहाही दिवस अंडे देण्याची सोय झाली. महाराष्ट्राने आठवड्याचे एक अंडेही निधीतून काढून टाकावे, हे पटण्यासारखे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली होती. तीच मुले आज प्राथमिक शाळेत आहेत. गावाने वर्गणी काढावी, हे खरे. पण निधी परत द्या, ही मागणीही ग्रामसभेच्या ठरावातून सरकारपर्यंत जायला हवी. एक गोष्ट केली म्हणून दुसरी सोडायची नाही.

कारण शाळेतले जेवण ही कोणाची मेहेरबानी नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला देशात ही योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात मुलांच्या हातात महिन्याला कोरडे तांदूळ पडत. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला की शिजवलेले अन्नच द्या. त्यानंतर शाळाशाळांतून चुली पेटल्या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क कायद्यात आणला : प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. २०२१ मध्ये योजनेचे नाव पीएम पोषण झाले, बालवाटिकेची मुलेही तिच्यात आली.

त्यातल्या एका नियमाची गावात फारशी कोणाला माहिती नसते. ३० सप्टेंबर २०१५ च्या नियमांप्रमाणे तांदूळ आला नाही, पैसे आले नाहीत, गॅस संपला किंवा स्वयंपाकी नव्हती म्हणून एखाद्या दिवशी जेवण शिजले नाही, तर त्या दिवसाचे धान्य आणि त्या दिवसाचा शिजवण्याचा खर्च अन्न सुरक्षा भत्ता म्हणून मुलाला पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळाला पाहिजे. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळाले नाही, तर जबाबदारी कोणाची हे राज्याला ठरवावे लागते. निधी उशिरा आला तर मुख्याध्यापक शाळेकडे असलेल्या दुसऱ्या पैशातून जेवण चालू ठेवू शकतात, नंतर ती रक्कम भरून मिळते. ही माहिती पालकांना नसेल, तर ‘आज पोषण आहार बंद आहे’ या एका वाक्यावर विषय संपतो.

शाळा व्यवस्थापन समितीचे काम इथेच सुरू होते. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य महिला असावेत, असे ठरवले आहे. पोषण आहाराची प्रत, स्वयंपाकघराची स्वच्छता आणि जेवण वेळेवर होते का, यावर देखरेख ठेवणे हे तिचे नियमाने ठरलेले काम आहे. पुष्कळ गावांत समितीची बैठक म्हणजे तयार इतिवृत्तावर सह्या, असे झाले आहे. ते बदलायला पैसे लागत नाहीत. समितीतल्या एका पालकाने आठवड्यातून एकदा जेवणाच्या वेळी शाळेत जायचे, मुलांच्या आधी एक घास खायचा आणि चव नोंदवहीत तारीख टाकून लिहायचे. शिक्षकांनी चव घेणे तर सक्तीचेच आहे.

ही चव घेणे किती गंभीर आहे, हे बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावाने दाखवले. १६ जुलै २०१३ ला तिथल्या शाळेत जेवण करून २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. भोर तालुक्यातल्या शेतकऱ्यांना फवारणीचे औषध अनोळखी नाही. म्हणून शाळेच्या कोठीत तेलाचा डबा कुठे ठेवला आहे, त्यावर शिक्का आहे का, धान्याच्या पोत्याजवळ खताची किंवा औषधाची रिकामी बाटली तर नाही ना, एवढे पाहायला कोणत्याही पदाची गरज नाही.

आता एका गैरसमजाबद्दल. शाळेच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात. थोडे पिवळसर, कधी पाण्यावर तरंगणारे. ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ अशी आवई अनेक गावांत उठली आणि कित्येक ठिकाणी ते दाणे वेचून टाकले गेले. ते पोषणमूल्य वाढवलेले दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून ते तयार करतात आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळतात. ते टाकून दिले की ज्यासाठी हा खटाटोप, तेच कचऱ्यात जाते. तांदळात किडे, बुरशी किंवा वास असेल तर जरूर तक्रार करावी, लेखी करावी. हे दाणे मात्र भांड्यातच राहू द्यावेत. शंका असेल तर भोंगवलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

स्वयंपाकघरातल्या बाईचाही विचार गावाने करायला हवा. पंचवीस मुलांपर्यंत एक स्वयंपाकी तथा मदतनीस, सव्वीस ते शंभर मुलांना दोन, असे प्रमाण आहे. हिर्डस मावळातल्या आणि राजगड तालुक्यातल्या कित्येक शाळांचा पट विशीच्या आतबाहेर आहे. तिथे तांदूळ निवडण्यापासून भांडी घासेपर्यंत सगळे एकटीने करायचे. मानधन महिन्याला २,५०० रुपये, आणि तेही वर्षातले दहा महिने. पंचवीस दिवस धरले तर दिवसाचे शंभर रुपये होतात. भोरच्या शेतात मजुरीला गेली तर बाईला यापेक्षा जास्त मिळतात. ज्या हाताने पोरांना जेवू घालायचे, त्या हाताला इतके कमी देणे हे राज्याला शोभत नाही. ते वाढेपर्यंत गावाने निदान एवढे करावे : पावसाळ्यात कोरडे सरपण किंवा वेळेवर गॅस, पिण्याच्या पाण्याचा नळ स्वयंपाकघरापर्यंत, आणि बचत गटाच्या बायकांनी सणावाराच्या मोठ्या जेवणाला मदतीचा हात.

राहिला पैशाचा प्रश्न. चाळीस मुलांना आठवड्याला एक अंडे, वर्षात शाळेचे सुमारे ३५ आठवडे, म्हणजे ९,८०० रुपये. पस्तीस घरांनी वर्षातून एकदा २८० रुपये दिले की एका शाळेचे वर्ष भागते. माळकरी घरातल्या मुलाला केळे द्यायचे. त्याला वेगळे बसवायचे नाही, चिडवू द्यायचे नाही. अंडी गावातल्याच कुक्कुटपालकाकडून घेतली तर पैसा गावातच राहतो. वर्गणीचा हिशेब शाळेच्या फलकावर लावायचा, म्हणजे पुढच्या वर्षी मागायला तोंड राहते.

दुसरा मार्ग स्नेहभोजनाचा. इतर राज्यांत तिथी भोजन म्हणून ओळखला जाणारा हा उपक्रम महाराष्ट्रात स्नेहभोजन नावाने मान्य आहे. मुलाचा वाढदिवस, वडिलांचे वर्षश्राद्ध, नव्या ट्रॅक्टरची पूजा, दहावीला मिळालेले यश. निमित्त कोणतेही चालते. अट अशी की ते रोजच्या आहाराच्या जागी नव्हे, त्याला जोड म्हणून असावे. लग्नाचे उरलेले अन्न शाळेत पाठवू नये. शाळेच्याच स्वयंपाकघरात ताजे शिजवावे, आधी मोठ्यांनी चव घ्यावी, मग वाढावे. शिरा किंवा पुरीभाजी आवडीने खाल्ली जाईल, पण उकडलेली अंडी, शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की, दही, मोसमातली फळे हे मुलांच्या अंगी जास्त लागेल. पश्चिम भोरच्या शेतकऱ्यांनी एखादे पोते नाचणी दिली तर सत्त्वाचा प्रश्न सुटतो.

परसबाग हा तिसरा आणि सगळ्यात स्वस्त मार्ग. शाळेच्या आवारात शेवग्याची दोन झाडे, कढीपत्ता, दुधी, पालक, लाल माठ. मूग-शेवगा वरणभात यादीत आहेच. शेवगा विकत आणण्याची गरज भोंगवलीत पडू नये. हात धुण्याचे सांडपाणी या वाफ्यांकडे वळवले की उन्हाळ्यापर्यंत बाग तगते. सुट्टीत पाणी कोण घालणार, हे मात्र आधी नाव घेऊन ठरवावे, नाहीतर मे महिन्यात सगळे वाळते.

तेव्हा भोंगवली, सारोळा परिसर आणि भोर-राजगड तालुक्यातल्या ग्रामस्थांना विनंती अशी. येत्या ग्रामसभेत पोषण आहाराचा विषय लेखी मागून विषयपत्रिकेवर घ्यावा. तिथे शाळा व्यवस्थापन समितीने पटसंख्या, आलेला तांदूळ, खर्च आणि बंद राहिलेल्या दिवसांची नोंद वाचून दाखवावी. अंड्यांसाठी राज्याने निधी पुन्हा सुरू करावा, असा ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पुढे पाठवावा. ज्यांना अंड्यांची वर्गणी किंवा स्नेहभोजन द्यायचे आहे, त्यांनी मुख्याध्यापकांकडे नाव आणि तारीख नोंदवावी. आणि ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी एखाद्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शाळेत जाऊन मुलांच्या पंगतीत बसावे, एक घास खावा आणि जे वाटले ते नोंदवहीत लिहून सही करावी.