शेजवान चटणी : बाटलीतली आणि घरातली

सदाशिव पेठेत टिळक रस्त्यावर संध्याकाळी डोसा मागवा वा सँडविच, ‘शेजवान घालू?’ हा प्रश्न ठरलेलाच. नाव चीनच्या सिचुआन प्रांताचे. चव मात्र भारतात घडलेली. सिचुआनी स्वयंपाकाची खूण म्हणजे जिभेला झिणझिण्या आणणारी तेथील मिरी. ती आपल्या कोकणातील तिरफळाची जवळची नातलग. आपल्या शेजवानमध्ये ती सहसा नसते. असतात लाल मिरच्या, लसूण, आले, तेल आणि व्हिनेगर. मिरचीही मूळची अमेरिका खंडातील; भारतात ती पोर्तुगीजांबरोबर आली.

या चवीचे व्यापारी मोल मोठे आहे. शेजवान चटणीसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘चिंग्ज सीक्रेट’ची मालक कॅपिटल फूड्स ही कंपनी टाटा कन्झ्युमरने २०२४ मध्ये ५,१०० कोटी रुपये मूल्य धरून घेण्याचे जाहीर केले.

जैन गृहिणीने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेष्टनावरील हिरवे चिन्ह केवळ शाकाहाराची ग्वाही देते. लसूण-आल्याविषयी ते मौन पाळते. त्यासाठी बारीक अक्षरांतील घटकसूचीच वाचावी लागते.

त्याहून निर्धोक मार्ग घरचा. बिया काढलेल्या ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटाव्यात. तेल सुटेपर्यंत परतून मीठ, थोडी साखर व सुंठ घालावी. बी काढून कुटलेले चिमूटभर तिरफळ मिसळावे आणि उतरवल्यावर लिंबू पिळावे. लागेल तेवढीच करावी, ताजी संपवावी. लसणाविना झालेली ही चटणी तिरफळामुळे सिचुआनच्या मूळ चवीला बाटलीपेक्षा अधिक जवळची ठरते.