चिठ्ठीशिवाय मिळालेली ट्यूब आणि तिशीतली मुरमे

लग्नसराई जवळ आली, की बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरमधल्या कोणत्याही मेडिकलपाशी संध्याकाळी थोडा वेळ उभे राहून पाहावे. लोकलमधून उतरलेली तिशीतली बाई हनुवटीवरचे फोड दाखवते, ‘दादा, काहीतरी चांगलं द्या,’ म्हणते आणि काउंटरवर एक छोटी ट्यूब येते. चिठ्ठी कोणी मागत नाही. चार-पाच दिवसांत लाली ओसरते, चेहरा उजळतो, आणि ट्यूबचे नाव डब्यातल्या मैत्रिणींपर्यंत पोचते.

अशा अनेक ट्यूबमध्ये मोमेटासोन किंवा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते, सूज दाबते. म्हणून पहिला आठवडा सुखाचा जातो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते. लावणे थांबवले की आग होते आणि फोड उसळतात. मग पुन्हा तीच ट्यूब.

देशातील १२ केंद्रांतील त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी केली होती. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यातले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांव्यतिरिक्त कोणीतरी सुचवले होते. सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम कोणता? मुरमेच.

वास्तविक मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्याआधी बाहेरून लावायच्या औषधांना सूट होती. नियम आला, पण काउंटरवरची सवय फारशी बदलली नाही. दोष एकट्या दुकानदाराचा नाही. तज्ज्ञाची फी, औषधांचा खर्च आणि वर एक दिवसाची रजा, हे गणित ट्यूबच्या किमतीपुढे हरते. शिवाय काही डॉक्टरही हीच मिश्रणे सर्रास लिहून देतात. ‘शेड्यूल एच-१’मधल्या औषधांची विक्री २०१४ पासून दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंदवावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. चेहऱ्यावर वापरली जाणारी स्टेरॉइडची मिश्रणे त्या यादीत टाकल्याशिवाय अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाला तपासायला हातात काही मिळणार नाही, असे माझे मत आहे.

मुळात विशी उलटली की मुरमे जातात, हाच समज चुकीचा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत विशीतल्या सुमारे ५१, तिशीतल्या ३५ आणि चाळिशीतल्या २६ टक्के स्त्रियांनी मुरमे येत असल्याचे सांगितले होते. तेलग्रंथी संप्रेरकांच्या तालावर चालतात, म्हणून अनेकींना पाळीच्या आधी हनुवटीवर, जबड्याच्या कडेला दुखरे फोड येतात. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. पुरुषांनी जिममध्ये मिळणाऱ्या पावडरी आणि इंजेक्शने डॉक्टरांपासून लपवू नयेत. आपल्याकडे सगळे खापर पाण्यावर आणि कंपन्यांच्या धुरावर फोडायची सवय आहे. बहुतेकांच्या बाबतीत ते खरे नाही. मात्र रासायनिक कारखान्यात क्लोरीनयुक्त संयुगे हाताळणाऱ्या कामगाराच्या गालांवर, कानांमागे काळ्या पुटकुळ्या भरू लागल्या, तर ते साधे पुरळ नसून क्लोरॅक्ने असू शकते. डॉक्टरांना आपण कुठे आणि काय काम करतो, हे सांगायलाच हवे.

उपचार आहेत, फक्त ते सावकाश चालतात. सौम्य मुरमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रात्री वाटाण्याएवढे अडापॅलिन, तेही फोडावर ठिपका न देता साऱ्या चेहऱ्याला पातळ थरात. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, सालपटे निघतात. इथेच बहुतेक जण औषध सोडतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. नुसते अँटिबायोटिक महिनोन्‌महिने लावले, तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. खोल, व्रण सोडणाऱ्या मुरमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या प्रभावी आहेत, पण गर्भाला त्यातून गंभीर व्यंग येऊ शकते. त्यामुळे मूल हवे असलेल्या किंवा गरोदर असलेल्या स्त्रीने त्या घेऊ नयेत. गोळ्या थांबवल्यावरही किमान महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. अडापॅलिनही गरोदरपणात वापरत नाहीत.

२०२४ मध्ये अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मंजुरी मिळाली. तिथली त्वचारोगाची ओपीडी नोकरदारांना सोयीच्या वेळेत चालली, तर मेडिकलची वाट धरणारे काही जण तरी तिकडे वळतील.

जे आधीच अशी ट्यूब वापरत आहेत, त्यांनी ती घाबरून एका दिवसात बंद करू नये. कशी सोडायची ते त्वचारोगतज्ज्ञ सांगतील. त्यांच्याकडे जाताना संपलेली ट्यूबही सोबत न्यावी, कारण घटकांची नावे तिच्यावरच बारीक अक्षरात छापलेली असतात.