आखाती रोजगार आणि उत्प्रवासाचा परवाना

संपादक महाशयांस,


दहावी उत्तीर्ण नसलेल्या मजुरांस आखाती देशांत जाण्यापूर्वी सरकारी परवाना घ्यावयास लावणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे होय, हे आपल्या गतांकातील पत्रलेखकांचे मत मला सर्वथा अमान्य आहे. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमान्वये उत्प्रवासी संरक्षकाच्या कचेरीत करारनामा, वेतन व विमा यांची जी तपासणी होते, ती परभाषेतील कागदावर सही करणाऱ्या माणसाचा मोठाच आधार असते. दलालाने तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेऊ नये, असा नियम असताना आमच्या रत्नागिरीकडील कुटुंबे दागिने गहाण टाकून त्याच्या कितीतरी पट रक्कम मोजतात. आणि रोजगारार्थ नसलेल्या प्रवासास परवाना लागत नाही, ही पळवाट साधून त्यांच्या मुलांची पर्यटक व्हिसावर रवानगी होते, ज्यायोगे पुढे मालकाने वेतन थकविले तर दाद मागण्यास हाती करारही उरत नाही. परवान्याची अट शिथिल झाल्यास ही पळवाट राजमार्ग होईल. पैसे देण्यापूर्वी दलालाचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर अवश्य पडताळून पाहावा, अशी वाचकांस कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी