वाट कोणाची?

हौसेने चालणे हा भरल्या पोटाचा खेळ, असे आमच्या घरी सर्वांचेच मत आहे. आजोबा हिरड्याचे ओझे डोक्यावर घेऊन राजूरच्या बाजाराला पायी जात. मी रतनगडाहून हरिश्चंद्रगडापर्यंत चालत गेलो हे कळल्यावर ते म्हणाले, "चालावं लागू नये म्हणून तर तुला कालेजात घातला!" या वाक्याला उत्तर द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

अकोले तालुक्यातील ही वाट रतनवाडीहून रतनगडावर चढते. पुढे कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. दोन-तीन दिवसांची चाल. आरंभी प्रवरेचा उगमप्रदेश, अखेरीस मुळेचा. खाली ज्या पाण्यावर जिल्ह्यातला ऊस उभा राहतो, ते पाणी इथे ओंजळीत मावते. पावसाळ्यात इथे आभाळ फाटते आणि चैत्र-वैशाखात इथल्याच वाड्यांतील बाया हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. भूगोलाच्या पुस्तकातला 'पाणलोट क्षेत्र' हा शब्द मला त्या खिंडीत उभे राहिल्यावर उमगला.

स्कॉटलंडमध्ये 'वेस्ट हायलँड वे' नावाची १५४ किलोमीटरची पायवाट १९८० साली खुली झाली. जगभरचे हौशी लोक ती चालतात. पण तिचे काही टप्पे जुन्या गुरे हाकण्याच्या वाटांवरून आणि लष्करी रस्त्यांवरून जातात. म्हणजे तीही मुळात कष्टकऱ्यांचीच वाट. फरक एवढाच की, तिथे गुरे हाकणारे गेले आणि मग हौशी आले. आपल्याकडे दोघेही आज एकाच वाटेवर समोरासमोर येतात. एकाच्या पाठीवर सॅक, दुसऱ्याच्या डोक्यावर मोळी. अशा वेळी बाजूला कोणी व्हावे?

माझ्या मते, सॅकवाल्याने. वाट ज्यांच्या पायांनी पडली, त्यांचे आपण पाहुणे आहोत. वाटाड्या वाडीतलाच घ्यावा आणि त्याची मजुरी निघण्यापूर्वी ठरवावी. कोणाच्या ओटीवर पाठ टेकली, भाकरी खाल्ली, तर त्याचे मोल न मागता द्यावे. आपला कचरा आपणच खाली आणावा. आणि वाडीकरांनी पक्की सडक मागितली, तर "निसर्ग बिघडेल" असे शहाणपण त्यांना शिकवू नये. आजारी माणसाला झोळीत घालून डोंगर उतरवणाऱ्याला पाऊलवाटेचे सौंदर्य कोणत्या तोंडाने सांगणार?

मग आपण चालावेच का? चालावे. पोटासाठी चालणाऱ्याची नजर पायाखाली असते. मान वर करून पाहण्याची सवड त्याला मिळत नाही. ती सवड आपल्याला शिक्षणाने आणि वडीलधाऱ्यांच्या घामाने मिळाली आहे. ती बसच्या खिडकीशी झोपून घालवणे हा त्या घामाचा अपमान होय.

मित्रहो, दरवर्षी आपली सहल बसने दूरदूर जाते. प्राध्यापक मंडळींना माझी नम्र सूचना आहे की, येत्या हिवाळ्यात एक सहल या वाटेने पायी न्यावी. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नद्या पाहाव्यात, मराठीच्या विद्यार्थ्यांनी ठाकर-महादेव कोळ्यांची बोली ऐकावी, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हिरड्याचा भाव विचारावा. तीन दिवसांत तीन विषयांचा अभ्यास होईल आणि आपला जिल्हा आपल्याला थोडा तरी कळेल.

— द्वितीय वर्ष कला