९.८१ चा मोह

गोळी खाली सोडावी, वेळ मोजावी आणि गुरुत्वीय त्वरण काढावे, हा भौतिकशास्त्राचा प्रयोग दिसतो साधा, पण आहे फसवा. एक मीटर उंचीवरून सुटलेली गोळी अवघ्या ०.४५ सेकंदात जमीन गाठते. घड्याळ थांबविणारा अंगठा ०.०५ सेकंद रेंगाळला, तरी उत्तर ९.८ वरून ८ च्या आसपास घसरते. मग उत्तरापासून आरंभ करून निरीक्षणे मागाहून रचली जातात आणि प्रयोगवहीत ९.८१ झळकते. परीक्षक प्रसन्न! वस्तुतः हा आकडा लंडनच्या अक्षांशाला शोभणारा; मुंबईत हे त्वरण ९.७९ च्या जवळपास आहे. आकडे इच्छेप्रमाणे वाकविण्याची विद्या अर्थशास्त्रालाही अपरिचित नाही म्हणा.

आता ही आकडेमोड संगणकावरील स्प्रेडशीटकडे आली आहे. एक सूत्र स्तंभभर उतरविले की बनावट निरीक्षणे क्षणार्धात सिद्ध होतात, हे खरे. परंतु त्याच स्प्रेडशीटमध्ये निरनिराळ्या उंचींवरील खऱ्या नोंदी भरून उंचीच्या वर्गमुळासमोर वेळेचा आलेख काढला, तर रेषेच्या चढावरून त्वरण मिळते. आणि अंगठ्याचा विलंब दर खेपेस साधारण सारखा असेल, तर ती रेषा वेळेच्या अक्षाला जेथे छेदते तेथे तोही उघड होतो. ७.९ हे उत्तर लिहून त्यासोबत या विलंबाचा हिशेब मांडणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळावयास हवेत. निदान कच्च्या नोंदींचा तक्ता पाहिल्यावाचून परीक्षकाने वहीवर सही तरी करू नये.