वीतराग टँकर पाठवत नाहीत



चातुर्मास आला की आपल्या बायकांच्या ग्रुपवर अनुभवांची रांग लागते. टँकर वेळेवर आला, भगवंताची कृपा. मुलाची एसटी चुकली आणि तीच पुढे घाटात बंद पडली, भगवंताची लीला. लीला! हा शब्द जैन घरात कधी शिरला?

आपले तीर्थंकर वीतराग आहेत. राग नाही, द्वेष नाही, म्हणून कुणावर मर्जी नाही की कुणावर कोप नाही. सिद्धशिलेवरून ते बीडच्या टँकरचं वेळापत्रक बघत नाहीत. रोज म्हणतो त्या णमोकार मंत्रात एकाही व्यक्तीचं नाव नाही आणि एकही मागणं नाही. पाठशाळेतल्या पोरीला हे ठाऊक असतं. संसाराला लागलो की आपण विसरतो.

तुम्ही म्हणाल, कृतज्ञतेचा शब्द आहे, त्यानं काय बिघडतं? बिघडतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी, आपल्या दिगंबर घरांत दशलक्षणाचा शेवटचा दिवस. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. अजून सांगतात, अमकी वाचली, देवानं हात दिला. मग जिच्यावर दगडमातीची जाड भिंत पडली, तिचा हात कुणी सोडला? या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पहिलं वाक्यही बोलू नये.

शास्त्र वाचलेल्या बहिणी इथे पुढे होतात: देव नाही हो, ज्याचं त्याचं कर्म. सिद्धांत बरोबर, पण वापर बघा. टँकर आला की माझं पुण्य, आणि भांडी घासणारीच्या घरी काही झालं की तिचं कर्म. दोन्हीकडून आपण मोकळ्या!

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. पाळी, अंगदुखी, बाळंतपण, सगळं खाड्यात. 2019 मध्ये सरकारनं बीडच्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हे तिचं कर्म म्हणायचं आणि चहात साखर ढवळायची? कांदा-बटाटा आपण जीवहिंसेसाठी सोडतो. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्हींनी कर्म बांधलं जातं, हेही त्याच शास्त्रात आहे. शिवाय आपल्यातली कितीतरी घरं दुकानावर चालतात. उचलीच्या पैशातलं लुगडं आणि किराणा कुणाच्या गल्ल्यात जातो, हे मी वेगळं सांगायला नको.

कर्म हे आपली खातेवही बघायला आहे, शेजारणीची नव्हे. प्रतिक्रमणात आपण आपले दोष आठवतो, जावेचे नाही. (आठवत असतील, पण तसं म्हणत नाही.)

मग रोजच्या जगण्यात जे अचानक चांगलं घडतं ते ओळखायचं कसं? निमित्त म्हणून. आणि निमित्ताला बहुतेक वेळा नाव-गाव असतं. टँकर आला कारण चालक रात्रभर भरण्याच्या रांगेत उभा होता. त्याला पाणी तरी विचारलं का? किल्लारीनंतर शांतिलाल मुथ्था आणि त्यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1,200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्या मुलांकडे आकाशातून कुणी आलं नाही, माणसं आली. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात जीवाचं काम काय सांगितलंय ते पुन्हा उघडून बघा. तिथे देवाचं नाव नाही, जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडणं आहे.

यंदा टोळ्या निघायच्या आधी तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईला, तिच्या बहिणीला, भावजयीला एवढंच विचारा: पिशवी काढ म्हणून कुणी सांगितलंय का? सांगितलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का? नसेल दाखवलं तर तिच्याबरोबर जिल्हा रुग्णालयात जा. केसपेपर काढायला रांग असते, सकाळी लवकर निघा. त्या दिवशीचं सामायिक घरी परतल्यावर केलं तरी चालेल.