आधी सुतळी, मग गॅस!

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या बऱ्याचशा गाड्या सेकंडहँड. घेताना आपण काय बघतो? अ‍ॅव्हरेज, टायर, कागदपत्रं. चासी नंबर बघायला हँडलखाली वाकतोसुद्धा; पण नंबर जिथे कोरलेला असतो तो पाइप सरळ आहे का, हे कुणी बघत नाही! त्याच्या खाली रंगाला तडे किंवा सुरकुत्या दिसल्या, तर गाडी कधीतरी समोरून धडकली असा संशय घ्यावा.

सेकंड इयरला मी जालना रोडवर पडलो. मला नुसतं खरचटलं, पण गाडी डावीकडे ओढायला लागली. गॅरेजमध्ये एका नजरेत निकाल लागला, "चासी बेंड आहे, गरम करून काढू." गॅस पेटला, जॅक लागला. मोजलं कुणीच नाही. मी, भावी इंजिनिअर, शेजारी चहा पीत उभा! गाडी नंतर जास्तच ओढू लागली आणि शेवटी भंगारात गेली. चासी खरंच वाकली होती का, हे मला आता कधीच कळणार नाही.

मागच्या महिन्यात रूमपार्टनरच्या गाडीलाही तोच सल्ला मिळाला. या वेळी आम्ही आधी सुतळी आणली. मागच्या टायरला मागून गुंडाळून, त्याच्या दोन्ही कडांना जेमतेम टेकेल अशी दोन्ही बाजूंनी पुढे ताणली. हँडल हलवून पुढचं चाक सुतळीला समांतर केलं. मागचा टायर १०० मिमी रुंद, पुढचा ८०. म्हणजे पुढच्या चाकापाशी दोन्हीकडे १० मिमी फट हवी. निघाली डावीकडे ३, उजवीकडे १७!

सगळ्यांचे चेहरे पडले. पण चिमट्याच्या बोल्टपासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे मोजलं, तर जेमतेम १ मिमीचा फरक. चेन ताणताना एक नट जास्त फिरला होता, एवढंच. एक्सलवरच्या दोन अ‍ॅडजस्टरमधलं अंतर सुमारे २०० मिमी, व्हीलबेस सुमारे १३००. मग मागचा १ मिमी पुढे साडेसहा होतो. फर्स्ट इयरचं गणित! नट फिरवला, फटी जवळपास सारख्या झाल्या.

पडल्यावर पुढच्या शॉकअपला नुसता पीळही बसतो. तो टीचे बोल्ट सैल करून निघतो. मागून बघताना एक चाक उभं आणि दुसरं कललेलं दिसलं, तर मात्र चासीवर संशय घ्यावा. तेव्हाही गॅस लावायची घाई नको. वेल्डजवळ पोलाद तापवलं की ताकद कमी होऊ शकते, आणि तडा नंतर रंगाखाली वाढतो.

गॅरेजवाल्यांना नावं ठेवायची नाहीत. त्यांना मोजायला वेळ देतो कोण? "तासाभरात द्या" म्हणणारे आपणच. राग येतो तो आपलाच. छत्रपती संभाजीनगरात शिकतो, शेजारी वाळूजला १९८५ पासून दुचाक्या बनतात, कारखान्यात चासी जिगमध्ये पकडल्याशिवाय वेल्ड होत नाही. आणि तीच चासी आपण डोळ्यांच्या अंदाजाने सरळ करून घेतो. लॅबमध्ये सरफेस प्लेट आहे, व्ही-ब्लॉक आहे, डायल गेज आहे. शॉकअपचा पाइप त्यावर फिरवून बघायला दहा मिनिटं लागतील. शनिवारी दुपारी ही सोय विद्यार्थ्यांच्या गाड्यांसाठी खुली करावी, अशी माझी मागणी आहे.

वर्कशॉपच्या सरांना विचारलंय. ते म्हणाले, "बघू. आधी गाड्या धुऊन आणा."